मोबाइल आणि लॅपटॉपसाठी एकाच चित्राच्या वेगवेगळ्या प्रती कशा द्याव्यात

कॅमेऱ्यातून आलेले ४००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र संकेतस्थळावर जसेच्या तसे चढवले, तर मोबाइलवर ते पडद्याबाहेर जाते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, चित्राची 'मॅक्स-विड्थ' (कमाल रुंदी) १०० टक्के आणि 'हाइट' ऑटो केली की ते पडद्यात बसते. मात्र त्यामुळे चित्र केवळ लहान दिसते; वाचकाचा डेटा मूळ फाइलइतकाच खर्च होतो.

म्हणून त्याच चित्राच्या ४००, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती, शक्यतो वेबपी या कमी आकाराच्या फाइल-स्वरूपात, तयार कराव्यात आणि चित्राच्या 'आयएमजी' टॅगमधील 'सोर्ससेट' या प्रतींच्या यादीत प्रत्येक फाइलच्या नावापुढे तिच्या रुंदीचा आकडा व त्याला जोडून 'डब्ल्यू' लिहावे. यांतली कोणती प्रत घ्यायची, हे ब्राउझर ठरवतो.

खरी गोम त्याच टॅगमधील 'साइझेस'मध्ये, म्हणजे चित्राची दिसणारी रुंदी सांगणाऱ्या भागात आहे आणि माझेही बरेच दिवस तिथेच चुकत होते. ब्राउझर प्रत निवडतो तेव्हा पानाची मांडणी अजून ठरलेली नसते, त्यामुळे चित्र किती रुंद दिसणार हे त्याला आपणच सांगावे लागते. न सांगितल्यास ते पडद्याच्या पूर्ण रुंदीचे आहे असे तो धरून चालतो. समजा, ६०० पिक्सेलपर्यंतच्या पडद्यावर चित्र पूर्ण रुंदीचे आणि त्यापुढे अर्ध्या रुंदीचे ठेवायचे आहे, तर 'मॅक्स-विड्थ ६०० पिक्सेल' ही अट कंसात घालून तिच्यापुढे १०० व्हीडब्ल्यू (पडद्याच्या रुंदीचे १०० टक्के) आणि स्वल्पविरामानंतर ५० व्हीडब्ल्यू असे लिहावे. आता ३६० पिक्सेल रुंदीच्या, पण तिप्पट घनतेच्या (एका पिक्सेलच्या रुंदीत तीन खरे ठिपके असलेल्या) मोबाइलला १०८० पिक्सेल लागतात, म्हणून तो १२०० ची प्रत उचलतो. १२०० पिक्सेलच्या साध्या लॅपटॉपला ६०० पुरतात, म्हणून तो ८०० वर भागवतो. मोबाइलने लॅपटॉपपेक्षा मोठी फाइल घ्यावी हे उलटे वाटते खरे, पण हिशेब बरोबर आहे.

टॅगमध्ये रुंदी-उंचीचे आकडेही द्यावेत, म्हणजे चित्रासाठी जागा आधीच राखली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली सरकत नाही. 'लेझी लोडिंग' (वाचक जवळ आल्यावरच चित्र उतरवणे) खालच्या चित्रांनाच लावावे, पान उघडताच दिसणाऱ्या चित्राला नाही. शाळेच्या वर्गाच्या फोटोतले चेहरे मोबाइलवर तांदळाच्या दाण्याएवढे होत असतील, तर 'पिक्चर' टॅग वापरून मोबाइलसाठी कडा कापलेले वेगळे चित्र द्यावे.

शेवटी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क विभागात कोणती फाइल उतरली ते पाहावे, पण त्याआधी 'डिसेबल कॅश'वर खूण करावी, म्हणजे आधी उतरवून साठवलेल्या फाइली (कॅश) वापरल्या जात नाहीत. मोठी प्रत कॅशमध्ये असली तर खिडकी लहान करूनही ब्राउझर तीच वापरत राहतो आणि आपण नसलेली चूक कोडमध्ये शोधत बसतो.