मुक्कामाच्या गाडीत टीव्ही दिसेना? डिश लावताना या चुका टाळा

सारंगखेड्याला तापीकाठी किंवा अमळनेरला बोरीच्या पात्रात यात्रेच्या गाड्या मुक्कामी लागल्या की संध्याकाळी डिश फिरवायचं काम निघतं. एक जण टपावर, दुसरा आतून ‘आलं, गेलं’ ओरडतोय. तासाभराने चॅनल लागतात आणि कुणी गाडीत चढलं की पुन्हा जातात. यात सेट-टॉप बॉक्स क्वचितच खराब असतो. डिश उभी करण्यातच गडबड असते.

पहिली चूक मात्र दुकानातच होते. ‘गाडीवरचा अँटेना’ किंवा बूस्टर घेऊ नका. दूरदर्शनने जमिनीवरून होणारं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडे बंद केलं. जे सिग्नल हवेतच नाहीत, ते बूस्टर कुठून वाढवणार? खानदेशात गाडीत फुकट चॅनल बघायचे तर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी मोफत सेवा, हाच रस्ता, आणि त्याला ६० सेंटीमीटरची साधी डिश पुरते.

ही डिश गाडीच्या टपावर बसवणं ही सर्वात जास्त त्रास देणारी चूक. ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. म्हणजे नेम दीड अंश चुकला की सिग्नल निम्मा. प्रत्यक्षात बघा: वरची कड खालच्या कडेच्या मानाने दीड सेंटीमीटर मागे गेली, की दीड अंश झाले. गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर डुलते, माणसं चढतात-उतरतात, टायरची हवा कमी होते; एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. डिश जमिनीवर, गाडीपासून वेगळ्या तिपाईवर लावा. नदीच्या वाळूत पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली फळी किंवा फरशीचा तुकडा ठेवा. काळ्या जमिनीत ठोकलेली खुंटी एका पावसात ढिली होते, तिच्या भरवशावर राहू नका. तिपाईच्या मधोमध २० लिटरचा पाण्याने भरलेला कॅन टांगा. वैशाखातल्या वाऱ्यालाही डिश जागची हलणार नाही.

डिश ज्या पाईपवर बसते तो ओळंब्यात हवा. तो कललेला असेल तर डिशवरचे अंशाचे आकडे खोटे ठरतात आणि बाजूला फिरवताना उंचीही, म्हणजे जमिनीपासून वर बघण्याचा कोनही, बदलत जाते. मग माणूस गोल गोल फिरत राहतो.

आता दिशा. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जळगावहून तो उत्तरेपासून १३८ अंशांवर दिसतो, धुळे-नंदुरबारहून १३६ च्या आसपास. म्हणजे आग्नेय, किंचित दक्षिणेकडे. उंची जळगावला ५८ अंश, नंदुरबारला ५७. मोबाईलचा कंपास गाडीच्या पत्र्याजवळ धरला की भलतीच दिशा दाखवतो. पाच-सात पावलं लांब जाऊन दिशा घ्या आणि समोरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा.

उंचीच्या बाबतीत फसगत होते ती डिशच्या ठेवणीमुळे. या डिश ऑफसेट असतात, म्हणजे तोंड जिकडे दिसतं त्याच्या बरीच वर त्यांची नजर असते. ५८ अंशांवर बघणाऱ्या डिशचं तोंड दिसायला उभ्या रेषेपासून फक्त ३२ ते ३६ अंश मागे झुकलेलं असतं. आकाशाकडे पार उताणी करून ठेवलेल्या डिशला काहीही सापडत नाही. आधी उंची बसवा, मग डिश बोटभर-बोटभर बाजूला फिरवत प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवणारा नेमकी जागा ओलांडून जातो.

झाडाचा अडथळा उगाच मोठा वाटतो. उपग्रह इतका वर आहे की डिशपेक्षा पाच मीटर उंच कडुलिंबापासून चार मीटर लांब उभं राहिलं तरी पुरतं. केळीच्या बागेला मात्र अगदी खेटून लावू नका, वाऱ्याने पान आडवं आलं की चित्र फुटतं.

एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, सरळ उभा ठेवला तर काही चॅनल येतात, काही येत नाहीत. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड करा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट ३५ ते ४० अंश फिरवून सुरुवात करा. मग टीव्हीवर बॉक्स दाखवतो तो सिग्नलच्या क्वालिटीचा आकडा बघत थोडा इकडे-तिकडे. स्ट्रेंग्थच्या आकड्याला भुलू नका. डिश भिंतीकडे असली तरी तो भरलेला दिसू शकतो. नेम क्वालिटीवरच कळतो. क्वालिटी आली पण चॅनल भलतेच किंवा सगळे बंद, तर तुम्ही शेजारच्या ९५ अंश रेखांशावरच्या उपग्रहावर आहात. डिश किंचित दक्षिणेकडे सरकवा.

डिशपासून बॉक्सपर्यंतची केबल आरजी-६ प्रकारची घ्या, २० मीटरच्या आत, अखंड. मध्ये पिळून टेप मारलेला जोड चालत नाही. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याला टेकली, तरी बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ दाखवतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर असावी.

वीज जोडताना ट्रकवाल्यांनी विशेष जपावं. मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते, बहुतेक बॉक्स १२ चे. थेट जोडला की जळाला. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची सवय तर सर्रास आहे. ती एकच बॅटरी रोज उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा पाच अँपिअरचा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवरून घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका. २४ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून १२ व्होल्टवर साधारण तीन अँपिअर ओढतात. चार तासांचे १२ अँपिअर-तास झाले, तेवढा हिशोब ठेवा.

सगळं बसूनही काही चॅनल दिसत नसतील तर डिशला हात लावू नका. चित्र पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा, म्हणजे एमपेग-२ चा बॉक्स नव्या एमपेग-४ वरचे चॅनल दाखवतच नाही. तिथे बॉक्सच बदलावा लागतो.