घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची तर: मध्यरेषा, नेक आणि ब्रिजची जागा

अमेरिकन वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५० साली बाजारात आणलेली गिटार (तिलाच पुढे टेलिकास्टर हे नाव मिळालं) आणि १९५१ चा प्रिसिजन बेस (खर्जाची गिटार) या दोन्हींत नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, बॉडीला फक्त चार स्क्रूंनी आवळलेली होती. पहिलं वाद्य घरी बनवताना हीच रचना धरावी. बॉडी बिघडली तरी नेक वाचते आणि नेक खराब निघाली तर दुसरी बसवता येते. नेक मात्र पहिल्या वेळी तयारच विकत घ्या. फ्रेटची (बोटांखालच्या आडव्या धातूच्या पट्टीची) खाच चुकीच्या जागी पडली तर तो सूर कानाला खटकतो, आणि ही चूक नंतर सहजासहजी सुधारता येत नाही.

नेक हातात आली की आधी ती मोजा. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) फ्रेटबोर्डाकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. ३२३.८५ मिमी आलं तर स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी) ६४७.७ मिमी, म्हणजे साडेपंचवीस इंच. बेसला बहुतेक वेळा ४३१.८ मिमी येतं, म्हणजे स्केल ८६३.६ मिमी, चौतीस इंच. विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. पुढचं सगळं माप या एका अंतरावर उभं राहतं.

लाकूड

वखारीत सहज मिळणाऱ्यांत तून हलकं आणि कापायला सोपं असतं, म्हणून गिटारला ते उत्तम. साग जड असतो. बेसला हे वजन उपयोगी पडतं, कारण लांब नेक आणि मोठ्या चाव्यांमुळे हलक्या बॉडीचा बेस पट्ट्यावर अडकवला की नेकच्या बाजूला झुकतो. त्यासाठीच बेसचं वरचं शिंग लांब ठेवून पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास आणतात.

४५ मिमी जाडीच्या दोन फळ्या जोडून गिटारसाठी ४२० × ३४० मिमीचा ठोकळा तयार करा. बेससाठी लांबी ५४० मिमी घ्या. पावसाळ्यात घेतलेलं लाकूड लगेच चिकटवू नका. ते खोलीत फळ्यांमध्ये फटी ठेवून रचा आणि दर आठवड्याला काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या खोलीच्या हवेला स्थिरावलं. त्याआधी चिकटवलंत तर उन्हाळ्यात सांधा उघडतो किंवा बॉडीला पीळ बसतो.

जोडाच्या कडा रंध्याने सरळ करून एकमेकींवर उभ्या धरा आणि खिडकीकडे बघा. मधून उजेड दिसता कामा नये. साग तेलकट असतो, म्हणून त्याच्या कडा थिनरने पुसून, सुकताच फेविकॉल लावा आणि २४ तास क्लॅम्पमध्ये ठेवा. हा सांधा हीच तुमची मध्यरेषा. ती दोन्ही तोंडांवर आणि कडांवरही टोकदार पेन्सिलीने ओढून घ्या, आणि पॉलिश पेपरने पुसली गेली की दरवेळी पुन्हा ओढा.

आकार कापणं

१२ मिमी एमडीएफचा साचा बनवा. जिगसॉने साच्याच्या २-३ मिमी बाहेरून कापा, मग बेअरिंगचा बिट लावलेल्या राउटरने साच्याला घासून घ्या. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. शिंगांच्या टोकाशी लाकडाचे तंतू आडवे येतात आणि तिथेच मोठी ढलपी उडते. तिथे आधी कानसेने साच्याच्या अगदी जवळ आणून ठेवा, म्हणजे राउटरला जेमतेम अर्धा मिलिमीटर काढायचा उरेल. चष्मा आणि मास्क हवाच.

नेकची खोबण

इथे घाई करू नका. नेक मध्यरेषेवर ठेवा आणि तिच्या टाचेला (बॉडीत बसणाऱ्या टोकाला) दोन्ही बाजूंनी व मागून एमडीएफच्या पट्ट्या घट्ट टेकवून क्लॅम्प करा. मग नेक अलगद उचलून घ्या. त्या पट्ट्यांचाच नेमका साचा तयार होतो, मोजमापाची चूक मधे येत नाही. टाच २५ मिमी जाडीची असेल तर खोबण १६ मिमी खोल करा. नेक हाताने दाबून बसवली आणि स्क्रू न लावता उचलली तरी बॉडी सोबत उचलली गेली, तर खोबण जमली. रंगाचे थर खोबणीत जाऊ देऊ नका, तिथे टेप लावा. नाहीतर नेक ठोकून बसवावी लागते आणि कडेचा रंग तडकतो.

स्क्रूच्या भोकांत बरेच जण फसतात. ४.२ मिमीच्या स्क्रूला बॉडीत ४.५ मिमीचं भोक हवं, म्हणजे स्क्रू तिथून मोकळा जाईल, आणि नेकमध्ये ३ मिमीचं. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण नेक आणि बॉडीमध्ये कागदाएवढी फट राहते. ४५ मिमी लांबीचे स्क्रू घ्या आणि आट्यांना साबण किंवा मेण चोळा. ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवा, नाहीतर भोक फ्रेटबोर्डातून वर येईल.

ब्रिज

ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, आणि सॅडल म्हणजे त्यावरचा प्रत्येक तारेचा सरकता टेकू. नेक आवळल्यावरच ब्रिजची जागा ठरवा, कागदावरच्या नकाशावरून नको. नटच्या पहिल्या आणि शेवटच्या खाचेतून ब्रिजच्या बाहेरच्या सॅडलपर्यंत दोन शिवणाचे दोरे ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे फ्रेटबोर्डाच्या कडेपासून सारखेच, साधारण ३ मिमी आत असायला हवेत. एक बाजू कमी पडली तर ब्रिज सरकवा, नाहीतर वाजवताना बारीक तार कडेवरून घसरत राहील.

मग सर्वांत बारीक तारेचं सॅडल पुढे आणा, पुढे आणखी २-३ मिमी वाव ठेवा, आणि नटपासून ते बरोबर स्केलइतक्या अंतरावर (गिटारला ६४७.७ मिमी, बेसला ८६३.६) येईल असा ब्रिज टेकवा. जाड तारेचं सॅडल नंतर ३-४ मिमी मागे जाईल, बेसवर थोडं अधिकच. गुण्या लावून ब्रिज मध्यरेषेला काटकोनात आहे ना ते बघा, आणि मगच भोकं पाडा.

वायरिंग

पिकअप तारांचा कंप विजेत बदलतं आणि पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याचं फिरतं बटण. सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमचं पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० किलोओहम आणि ०.०२२. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीला जोडायला विसरू नका. ती राहिली तर नुसता घूं आवाज येत राहतो आणि तारांना हात लावूनही कमी होत नाही. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, पातळ आला तर एकाच्या दोन वायरी उलट करा. मात्र पिकअपवर धातूचं झाकण असेल तर त्याची वायर आधी वेगळी करून ग्राउंडलाच, म्हणजे पॉटच्या पाठीलाच, जोडलेली ठेवा.

सूर लावणं

नेकला हलका बाक लागतो: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली असता सातव्यापाशी ०.२ मिमी फट. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधली बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली १.६ मिमी आणि जाड तारेखाली २ मिमी उंची ठेवा, बेसला २ ते २.५. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. नव्या तारा आठवडाभर ताणतात आणि नेकही बसते, तेव्हा बाक आणि सॅडल पुन्हा एकदा तपासा.