बेळगावात पत्रकारिता शिकायला येताय? सचिव म्हणजे मंत्री, हे आधी पाठ करा

चंदगड, आजरा, गडहिंग्लज, सावंतवाडीकडून दरवर्षी पोरंपोरी बीएला पत्रकारिता घेऊन बेळगावला येतात आणि दरवर्षी त्याच दगडांना ठेचकाळतात. 'तिथं काय, सगळे मराठीच बोलतात' असं कुणीतरी सांगून पाठवलेलं असतं. बोलतात, खरं आहे. पण पोलीस ठाण्यातला एफआयआर कन्नडमध्ये असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. बारावीला इथं सेकंड पीयूसी म्हणतात. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्यांना ते कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मिळतं, सिंधुदुर्गातल्यांना कोकण मंडळाकडून. निकाल लागला की लगेच अर्ज करा. प्रवेश आणि परीक्षेचे फॉर्म यूयूसीएमएस या पोर्टलवर भरायचे असतात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. फॉर्मवर गुणपत्रिकेवरचंच नाव त्याच क्रमानं घाला, नाहीतर पदवीच्या दाखल्यापर्यंत ती चूक पाठ सोडत नाही. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही, तेव्हा तो हिशेब सोडून या. पेपर कुठल्या भाषेत लिहिता येईल, हे मात्र पैसे भरण्याआधी विभागप्रमुखांना स्वतः विचारा.

खोली कॉलेज बघून घ्या, विद्यापीठ बघून नको. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, ते शहराबाहेर हायवेवर भूतरामनहट्टीला. पदवीचे वर्ग भरतात शहरातल्या कॉलेजांत. आणि जुने सीनियर चार वर्षांच्या पदवीच्या गोष्टी सांगतील, त्या ऐकून सोडा. २०२४-२५ पासून राज्यात पुन्हा तीन वर्षांची पदवी आहे.

आता खरं दुखणं. मराठी पोरगं कन्नड लिपी दोन महिन्यांत शिकतं. अक्षरांचा क्रम तोच, बाराखडी जवळपास तीच, रोज अर्धा तास दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी पुरतं. धोका त्यानंतर सुरू होतो, कारण वाचता आलं की समजलं असंही वाटायला लागतं. कन्नड बातमीत संस्कृत शब्द भरपूर. ते ओळखीचे दिसतात आणि भलताच अर्थ घेऊन बसलेले असतात.

'सचिवरु' म्हणजे मंत्री. आपण ज्याला सचिव म्हणतो तो तिथं 'कार्यदर्शी'. 'शासकरु' म्हणजे आमदार, 'संसदरु' म्हणजे खासदार. 'इलाखे' म्हणजे खातं. मुंबई इलाखा डोक्यात घेऊन बसलात तर प्रेसनोटची पहिली ओळच चुकते. 'बंधन' म्हणजे अटक, 'परिहार' म्हणजे नुकसानभरपाई, 'अनुमान' म्हणजे संशय. 'विशेष उपन्यास' असं निमंत्रणपत्रिकेवर असेल तर ते व्याख्यान आहे. हिंदीच्या नादानं तिथं कादंबरी शोधत बसू नका. कादंबरीला कन्नडमध्येही कादंबरीच म्हणतात.

सगळ्यात महाग पडणारा शब्द 'खंडने'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ निषेध. 'हल्ल्याचं खंडने केलं' याचं मराठी 'हल्ल्याचं खंडन केलं' असं झालं की, निषेध करणारा माणूस छापील बातमीत हल्ला झालाच नाही म्हणणारा ठरतो. शुद्धलेखनाची चूक वाचक माफ करतो, ही करत नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी कार्यालयात येतो, आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून वहीच्या शेवटच्या चार पानांवर अशा शब्दांची यादी ठेवा. प्रत्येक शब्दापुढं कन्नड अर्थ, मराठी अर्थ आणि तो जिथं सापडला ते वाक्य लिहा. वाक्याशिवाय लिहिलेली यादी परीक्षेनंतर आठवत नाही.

हेच अभ्यासक्रमातही आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननच्या १९४८ च्या संदेशवहनाच्या मांडणीतला 'नॉइज', म्हणजे अडथळा, तारेतून जाणाऱ्या संदेशातला होता. भाषेतून होणाऱ्या गोंधळाला पुढं अर्थाचा अडथळा म्हणायला लागले. माध्यमांचा अभ्यासक विल्बर श्रॅमनं १९५४ मध्ये मांडलं की, बोलणारा आणि ऐकणारा यांचं अनुभवक्षेत्र जिथं एकमेकांवर येतं तेवढाच संदेश पोचतो. उत्तरात गाइडमधलं उदाहरण उतरवण्यापेक्षा 'खंडने' लिहा, तपासणारे इथलेच आहेत. पुस्तकातल्या 'संवहन' या शब्दानं दचकू नका. शाळेतल्या संवहनी ऊतींशी त्याचा संबंध नाही. कन्नडमध्ये संज्ञापनाला, म्हणजे कम्युनिकेशनला, संवहन म्हणतात आणि पत्रकारितेला पत्रिकोद्यम. जाहिरातीला मात्र 'जाहीरातु', तेवढा दिलासा.

मुलाखतीला जाताना पुस्तकी कन्नड बोलाल तर बेंगळुरूचे पाहुणे वाटाल. इकडं 'बर्री' म्हणजे या, 'हेळ्री' म्हणजे सांगा. शेवटचा तो आदराचा 'री' विसरलात तर वयस्कर माणूस तोंड मिटतो.

आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतो, १८३२ च्या 'दर्पण'साठी. कर्नाटकात तो १ जुलैला असतो, कारण १८४३ मध्ये त्या दिवशी 'मंगळूर समाचार' निघालं. दोन्ही तारखा कारणासकट पाठ करा.

शनिवार आला की एसटी पकडून गावाला पळणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांना शहर कळत नाही. दुसरा वर्ग महिन्याभरात सीमालढ्याचा पुढारी होतो. भूमिका जरूर असू द्या, पण दुसऱ्या बाजूचा पेपर न वाचता घेतलेली भूमिका या शिक्षणात चालत नाही.

त्यासाठी बेळगावसारखी प्रयोगशाळा नाही. मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी अमेरिकेतल्या चॅपेल हिल गावातल्या, मत न ठरलेल्या १०० मतदारांवर १९६८ मध्ये केलेला अभ्यास १९७२ मध्ये छापला, त्यातून 'अजेंडा सेटिंग' आलं, म्हणजे लोकांना कुठला विषय महत्त्वाचा वाटावा हे माध्यमं ठरवतात, हा सिद्धांत. तुम्ही १ नोव्हेंबर घ्या. कन्नड पेपरात तो राज्योत्सव, म्हणजे राज्याचा स्थापना दिन; मराठीत काळा दिवस, म्हणजे बेळगाव कर्नाटकात गेल्याचा निषेध. एक मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी असे तीन पेपर ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर रोज घ्या. प्रत्येक बातमीचं पान, मथळ्याचे शब्द, कॉलम सेंटिमीटरमध्ये लांबी, कुणाचं म्हणणं आधी आलं आणि गावाचं नाव बेळगाव लिहिलंय की बेळगावी, हे पाच रकाने भरा. पहिल्या सेमिस्टरचा प्रकल्प यातच होतो. अंक विक्रेत्याकडे आगाऊ सांगून ठेवा, आणि १ तारखेला सीमेपलीकडची बस सुटेलच असं धरू नका.