गेम भेट देताय? आधी कन्सोल बघा

गेम खेळणाऱ्याला सुट्टीत भेट द्यायची तर तो नेमकं कोणत्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, खेळतो, हे आधी हळूच काढून घ्या. ‘प्लेस्टेशन आहे’ एवढ्यावर भागत नाही. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल एडिशनला डिस्क ड्राइव्ह नसतो. मी हौसेने डिस्क नेली होती, भाच्याने ती उलटसुलट केली आणि विचारलं, “मावशी, ही घालू कुठे?” प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचं बटणांचं साधन, तोसुद्धा प्लेस्टेशन ५ साठीच काढलेल्या गेमना चालत नाही.

लहान मुलांसाठी घेताना डब्यावरचा वयाचा आकडा वाचा. युरोपातल्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात. ते आशय कोणत्या वयाला योग्य हे सांगतात, गेम किती अवघड हे नाही. त्यामुळे ३ लिहिलेला गेम तीन वर्षांच्या पोराला जमेलच असं नाही.

आवडच माहीत नसेल तर सरळ गिफ्ट कार्ड द्या. फक्त खेळणाऱ्याचं कन्सोलवरचं खातं ज्या देशात उघडलंय, कार्ड तिथलंच हवं. आजी-आजोबांना गेमपेक्षा जास्तीचा कंट्रोलर द्या, म्हणजे नातवंडं त्यांना खेळायला ओढतील.