जीटीए 6 येण्याआधी घरी करून ठेवायची कामं

रॉकस्टार या कंपनीने जीटीए 6 (ग्रँड थेफ्ट ऑटो 6) या व्हिडिओ गेमसाठी जाहीर केलेली 19 नोव्हेंबर 2026 ही तिसरी मुदत. आधी नुसतं 2025 म्हटलं होतं, मग 26 मे 2026 ठरलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तेही पुढे गेलं. त्यामुळे तयारीचा एक साधा नियम धरा. बिनपैशाची कामं आत्ता उरकून टाका, पैशाची कामं जितकी लांबवता येतील तितकी लांबवा. तारीख पुन्हा सरकली तरी रिकामी केलेली ड्राइव्ह वाया जात नाही, पण घाईने घेतलेल्या हार्डवेअरची वॉरंटी मात्र संपत राहते.

पीसीवर खेळणाऱ्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. जाहीर झालेला गेम प्लेस्टेशन 5 (पीएस 5) आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स/एस या कन्सोलसाठी आहे. जीटीए 5 कन्सोलवर 17 सप्टेंबर 2013 ला आला आणि पीसीवर 14 एप्रिल 2015 ला, म्हणजे जवळपास 19 महिन्यांनी. रॉकस्टारच्याच रेड डेड रिडेम्प्शन 2 लाही पीसीवर यायला वर्षभर लागलं. फक्त या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर आत्ता घेऊ नका. पीसीची तारीख आणि किमान गरजांची यादी आली की त्याच पैशात जास्त चांगलं कार्ड मिळण्याची शक्यता असते.

आता जागेचं बघू. खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारी जागा यांत फरक असतो. मूळ पीएस 5 मध्ये 825 जीबीपैकी साधारण 667 जीबी वापरता येते, 512 जीबीच्या सीरीज एस मध्ये जेमतेम 364. रेड डेड 2 च्या पीसी आवृत्तीला 150 जीबी लागते, तेव्हा या गेमसाठी 200 जीबी मोकळी धरून चाला. पॅच (गेममधली नंतरची दुरुस्ती) बसवताना पॅचच्या आकाराहून बरीच जास्त जागा लागते, त्यामुळे जागा काठोकाठ असेल तर अपडेट अडकतो.

जुने गेम उडवण्याऐवजी यूएसबी हार्ड डिस्कवर हलवा. पीएस 5 चे गेम यूएसबीवर फक्त साठवता येतात, तिथून चालत नाहीत. सीरीज एक्स/एस च्या नव्या गेमचंही तसंच. पण परत आणायला काही मिनिटं लागतात, पुन्हा डाउनलोड करायला काही तास. पीएस 4 चे गेम मात्र यूएसबीवरूनच चालतात, त्यांना आतल्या एसएसडीवर ठेवून जागा अडवू नका.

तरीही जागा पुरत नसेल तर एक्सबॉक्सला मागच्या खाचेत एक्स्पान्शन कार्ड लावलं की झालं. पीएस 5 ला आत जास्तीची एसएसडी ड्राइव्ह बसवावी लागते, त्याला पेचकस लागतो. एम.2 एनव्हीएमई, जेन 4, वाचण्याचा वेग 5500 एमबी प्रति सेकंद किंवा अधिक, आणि हीटसिंकसह (ड्राइव्ह थंड ठेवणारा धातूचा भाग) जाडी 11.25 मिमीच्या आत, एवढं बघून घ्या. उंच हीटसिंकची ड्राइव्ह घेतली की खाचेचं झाकण बसत नाही, नेहमीची चूक तीच. कन्सोल पूर्ण बंद करा, वायर काढा, थंड होऊ द्या. बाजूचं कव्हर काढून आतल्या पत्र्याच्या झाकणाचा स्क्रू 1 नंबरच्या फिलिप्स पेचकसाने सोडवा. छोटा स्पेसर 80 च्या खुणेवर हलवा, कारण बहुतेक ड्राइव्ह 2280, म्हणजे 80 मिमी लांबीच्या असतात. ड्राइव्ह तिरकी धरून खाच जुळवत आत सरकवा, खाली दाबून स्क्रू लावा, फार आवळू नका. कन्सोल सुरू केला की फॉरमॅटची सूचना आपोआप येते. ती आली नाही तर ड्राइव्ह पूर्ण आत गेलेली नाही.

यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. घराची साफसफाई निघाली की कन्सोल कापडाने नुसता झाकू नका, खोलीबाहेरच ठेवा. झाडलेली धूळ आणि चुन्याची पूड पंख्यात गेली की तो आवाज करू लागतो. मूळ पीएस 5 चं कव्हर काढल्यावर धूळ साठायची भोकं दिसतात. व्हॅक्यूम कमी वेगावर ठेवून ती ओढून घ्या.

इंटरनेटचा हिशोब सोपा आहे: एमबीपीएसला 8 ने भागलं की एमबी प्रति सेकंद. 100 एमबीपीएसवर 150 जीबीला 3 तास 20 मिनिटं, 40 वर 8 तास 20 मिनिटं, आणि रोज 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर 75 दिवस. प्रत्यक्षात थोडा जास्तच वेळ धरा. वाय-फायऐवजी लॅन केबल लावा. वेगवान प्लॅन असूनही वेग 95 च्या आसपास अडकत असेल तर केबल तपासा. आठपैकी चारच तारा जोडलेल्या केबलवर 100 च्या वर जाताच येत नाही. प्लॅनची महिन्याची मर्यादाही बघून ठेवा.

प्री-ऑर्डरची घाई नको. डिजिटल प्रत संपत नसते. प्लेस्टेशन स्टोअरवर रिलीजच्या 14 दिवसांहून आधी केलेली प्री-ऑर्डर रिलीजपर्यंत रद्द करता येते. त्यानंतर केलेली पैसे भरल्यापासून 14 दिवसांत रद्द करता येते, पण मुख्य गेमचं डाउनलोड सुरू झालेलं नसेल तरच. रद्द करायची शक्यता मनात असेल तर ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. सायबरपंक 2077 हा गेम लक्षात असू द्या. 10 डिसेंबर 2020 ला बिघाडांसकट आला आणि आठवड्याभरात प्लेस्टेशन स्टोअरवरून काढावा लागला.

उलट प्री-ऑर्डर आणि प्रीलोड (रिलीजआधीच गेम उतरवून ठेवणं) दोन्ही नसलं की काय होतं, ते सिल्कसाँग या गेमने 4 सप्टेंबर 2025 ला दाखवलं. सगळे एकाच क्षणी विकत घ्यायला आले आणि दुकानांची पानंच उघडेनात. म्हणून गेम घ्यायचं नक्की असेल तर प्रीलोड सुरू झाला की घ्या. वॉलेटमध्ये पैसे चार दिवस आधीच भरा. कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद असतील तर ते तेव्हाच कळतं.

रात्रभर डाउनलोड चालू ठेवायचं असेल तर पीएस 5 च्या पॉवर सेव्हिंगमध्ये रेस्ट मोडला (कन्सोल झोपवलेला असताना) इंटरनेट जोडलेलं राहील असं करा. 19 नोव्हेंबरला गुरुवार आहे. पुणे-पिंपरी भागात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात, तेव्हा डाउनलोड बुधवारपर्यंत संपलेलं बरं. 600 व्हीएचा यूपीएस, म्हणजे सुमारे 360 वॉट, कन्सोल आणि मध्यम टीव्हीला काही मिनिटं सांभाळतो. सेव्ह करून नीट बंद करायला तेवढा वेळ पुरतो. सेव्ह चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते.

"जीटीए 6 मोबाइल", "बीटा की", "लवकर डाउनलोड" अशा नावाच्या एपीके (अँड्रॉइड ॲपच्या फाइल) आणि लिंक उघडू नका. मोबाइल आवृत्ती जाहीर झालेलीच नाही, त्यामुळे अशा फाइलमध्ये गेम सोडून काहीही असू शकतं. लुसिया आणि जेसन या गेममधल्या मुख्य पात्रांची गोष्ट कोरी अनुभवायची असेल तर ही दोन नावं आणि लिओनिडा (गेममधलं काल्पनिक राज्य) हे शब्द एक्स आणि इन्स्टावर आठवडाभर आधी म्यूट करा, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत.

गेम अनलॉक व्हायची वेळ जाहीर झाली की घड्याळ नीट लावा. स्थानिक मध्यरात्र असेल तर बुधवारी रात्री बारा. न्यूयॉर्कची मध्यरात्र असेल तर आपल्याकडे गुरुवारी सकाळी साडेदहा, कारण नोव्हेंबरात तिथलं घड्याळ एक तास मागे गेलेलं असतं. सुरू करण्याआधी गेमवर ऑप्शन्स दाबून अपडेट तपासा आणि पहिल्या दिवसाचा पॅच पूर्ण उतरू द्या.