उलटा तास घ्यायचाय? आधी फोन कुठे असतो ते बघा

उलटा तास म्हणजे धडा लेकरांनी घरी व्हिडिओवर पाहायचा आणि गणितं वर्गात सोडवायची. पण व्हिडिओ नंतर बनवा. आधी वही घेऊन गावात फिरा, तेही दिवेलागणीनंतर. मागच्या वर्षी मी सहावीला नुसतं विचारलं, “घरी फोन कोणाकडे आहे?” सगळा वर्ग हात वर. मी खूश. सोमवारी छेद समान करण्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि मंगळवारी सरळ गणितं दिली. पाहून आली होती चार लेकरं. बाकीच्यांचं एकच उत्तर: “सर, फोन बाबाजवळ वावरात व्हता.”

तेव्हा ‘फोन आहे का’ असं विचारूच नका. संध्याकाळी सात ते नऊ फोन कोणाच्या हातात असतो, ते विचारा. प्रत्येक नावापुढे लिहा: फोन कोणाचा, घरी किती वाजता येतो, नेट उरतं का. आणि एकदा विचारून सुटका नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, मग हरभरा-गव्हाचं ओलित. थ्री-फेज लाईन रात्रीची असली की बाप फोनच्याच उजेडात धुऱ्यावरून चालतो. जुलैत भरलेला तक्ता नोव्हेंबरात खोटा. पुन्हा भरा.

ज्यांचं जमत नाही त्यांना शेजारच्या घराशी जोडा, चार-पाचांचा गट करून. पण ज्या ओसरीवर ती बसणार तिथल्या माउलीला आधी विचारा. नाहीतर शाळेच्या टीव्हीवर परिपाठाआधी दाखवा, मेमरी कार्डात भरून द्या. यात कमीपणा काही नाही. २००७ च्या सुमारास कोलोरॅडोतल्या ज्या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी, आपल्या वर्गात हे सुरू केलं, तेही नेट नसलेल्या मुलांना डीव्हीडी नि पेनड्राइव्ह देत होते. आणि आपण निघालो गटावर लिंक टाकून मोकळे व्हायला.

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा, मुद्दा एकच. पुस्तकातला क्यूआर कोड आधी स्कॅन करा; सरकारच्या दीक्षा ॲपवर चांगला सापडला तर स्वतःचा करत बसू नका. केलाच तर पंखा बंद करून. सोबत वहीत लिहायचे तीन प्रश्न हवेतच, नाहीतर पाहिला कोणी नि मान कोणी डोलावली, कळत नाही.

पालकसभा घ्या. नाहीतर पारावर चर्चा ठरलेली: “सर शिकवत नाही, मोबाईल पाहाले लावते.” केंद्रप्रमुखांनाही आधीच सांगा.

तासाला न पाहिलेल्यांसाठी सगळा धडा फळ्यावर पुन्हा शिकवू नका. मी शिकवला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या चौघांनीही पाहणं सोडलं. न पाहिलेले मागे टॅबवर पाहतील, बाकीचे गटात गणितं सोडवतील, तुम्ही खुर्ची सोडून फिरत राहा. अडलेलं लेकरू तेव्हाच दिसतं. हा सारा खटाटोप त्याच्यासाठीच.

सुरुवात एका विषयाच्या एका धड्याने. चाचणी नेहमीचीच. दोन धडे झाले की पुढचं बघू.

आणि व्हिडिओ पाठवायच्या दिवशी तक्ता उघडा. फोन आज कुठे आहे? माझ्या वर्गातले सात सध्या वेचणीला जातात, म्हणून या आठवड्यात मी व्हिडिओ पाठवलेलाच नाही.