बिनसाखरेचा चिनी चहा करताय? आधी जग काढा

गेल्या दिवाळीत घरी चार पाहुणे बसले होते आणि मी त्यांच्यासमोर चांगल्या तिएग्वानयिन नावाच्या चिनी चहाचा काढा करून ठेवला. काढा हा शब्द माझा नाही, सासऱ्यांचा. एक घोट घेऊन म्हणाले, "कुणाला सर्दी झालीय का?" मग आत्याबाई स्वतःच उठून साखरेचा डबा घेऊन आल्या आणि विषय संपला. चहात काही खोट नव्हती, चीनमधल्या ग्वांगझोऊच्या फांगत्सुन या चहाच्या मार्केटमधे दुकानात बसून, चाखून घेतलेला होता. मी फक्त एक रिकामा जग काढायला विसरले होते. म्हणून ही यादी.

आदल्या दिवशी चहा ठरवा, एकच. चार प्रकार मांडायची हौस नको. पहिल्यांदा पिणाऱ्यांना ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला) द्या, फूजियान प्रांतातल्या आनशीचा तिएग्वानयिन किंवा वुयी डोंगरातला भाजका दा होंग पाओ. लोंगजिंग सुंदर असतो पण हिरवा चहा आहे, त्याला उकळतं पाणी घातलं की संपलं, ८० डिग्रीच्या आसपास लागतं. युन्नानचा मुरवलेला पु-अर मला जीव की प्राण आहे, पण नवख्या माणसाला त्यात ओल्या गोणपाटाचा वास येतो, त्यामुळे पाहुण्यांवर प्रयोग नको. आणि डबा मसाल्यांच्या कपाटात ठेवला असेल तर आत्ता उठा आणि बाहेर काढा, चहा शेजारच्याचा वास लगेच उचलतो.

पाणी बोअरचं नको. जड पाण्याने वर तवंग येतो आणि वास मरतो.

गायवान, म्हणजे झाकण आणि बशीवाला वाडगा, १०० ते १२० मिलीचा. नसेल तर छोटी किटली चालेल. कप इवलेसे, दोन-तीन घोटांचे. स्टीलच्या वाट्या नकोत, ओठ भाजतात. वजनकाटा घ्याच, एवढ्या गायवानला ६-७ ग्रॅम पानं. चमच्याने मोजू नका कारण तिएग्वानयिन घट्ट गोळ्या करून येतो आणि दा होंग पाओची पानं लांब, वाकडीतिकडी, त्यामुळे एकाचा चमचा म्हणजे दुसऱ्याचे दोन-तीन. बाकी केटल, ट्रे, फडकं, सांडपाण्याला एक पातेलं, हे तुम्हाला कळतंच.

आता जग. काढलात का? नाही, "काढते नंतर" नाही, आत्ता काढा आणि ट्रेवर ठेवा. या चहात पानं भरपूर आणि पाणी थोडं असतं, म्हणून चहा सेकंदांवर चालतो, आणि वेळ झाली की सगळा चहा एकदम पानांपासून वेगळा व्हायला हवा. मी काय केलं, थेट गायवानमधून एकेकाच्या कपात ओतत बसले, मधेच आत्याबाईंना गोळ्या कशा उमलतात ते दाखवलं, मधे कुणाचा तरी फोन, आणि तोवर उरलेला चहा पानांत मुरतच होता. पहिला कप गरम पाणी, शेवटचा कडू जहर, आणि शेवटचा नेमका सासऱ्यांचा. चिनीत या जगाला गोंगदाओबेई म्हणतात, म्हणजे सरळसरळ न्यायाचा कप, सगळ्यांना सारखा चहा. खास विकत आणायची गरज नाही, काचेचा मेजरिंग कप चालतो, चोच असलेलं कुठलंही छोटं भांडं चालतं. कुणी म्हणेल ग्वांगडोंग प्रांतातल्या चाओझोऊचे लोक तर जग न घेता करतात. करतात ना, तीन कप एकमेकांना चिकटवून वर गोल गोल फिरवत ओततात, त्याला ग्वान गोंगची शहरातली गस्त म्हणतात, आणि शेवटचे थेंब एकेका कपात टिपतात ती हान शिनची सैन्यगणती (दोघेही जुने चिनी सेनापती). त्यांचा तो रोजचा हात आहे. आपण जग घ्यायचा.

पाहुण्यांना आधीच सांगा की दूध नाही, साखर नाही, कप एवढाच. आलं नाही का असं कुणी विचारलंच तर सांगा, टांग राजवटीत (सातवं ते दहावं शतक) चिनी लोकही चहात आलं, पुदिना, कांद्याची पातसुद्धा उकळायचे, मग सोडलं. रिकाम्या पोटी कुणाला देऊ नका, गरगरतं. शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया ठेवा. चिवडा नको, नंतर चव काय डोंबल कळणार.

करताना: उकळतं पाणी गायवान, कप आणि जगात (जग आहे ना समोर?) फिरवून फेकून द्या. पानं घाला, पाणी घाला, लगेच ओतून टाका, हे धुणं, पिऊ नका. लोंगजिंगला हे करू नका. गायवान काठोकाठ भरू नका, बाहेर वळलेला काठ कोरडा राहिला तरच अंगठा आणि मधल्या बोटात धरता येतो, तर्जनी झाकणावर. माझं बोट भाजलेलं आहे, विश्वास ठेवा. मग खरा पहिला चहा, २० सेकंद, आणि सगळा जगात. सगळा म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत. गप्पा नंतर. झाकण जरा बाजूला सरकवून ठेवा, नाहीतर पानं आतल्या आत वाफेवर शिजतात. माणसं चारच्या वर असतील तर दोन वेळचं जगात एकत्र करा मग वाटा.

त्याच पानांवर दुसरा १५ सेकंद कारण गोळ्या आता उमलल्यात, मग दर वेळी पाच-दहा वाढवत जा. सहा-सात वेळा आरामात निघतो. कुणी दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं तर ते ग्वांगडोंगमधलं थँक्यू आहे, घाई करतायत असं नाही.

रात्री उशिरा नको, झोप उडते. पानं कुंडीत. भांडी साबणाने घासू नका, नुसत्या गरम पाण्याने. आणि जग धुतला की कपाटात वरती टाकू नका, गायवानच्या शेजारीच ठेवा.